चंद्राचा खरा रंग: व्हाइट बॅलन्स नेमका कशावर धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकाच रात्री, एकाच कॅमेऱ्यानं आणि एकाच लेन्सनं काढलेल्या फोटोंत चंद्र एकदा निळसर, एकदा पिवळट आणि एकदा निव्वळ करडा आला. ऑटो व्हाइट बॅलन्स नको, तर मग किती केल्विन (प्रकाशाचा रंग मोजायचं एकक) ठेवायचे? रॉ फाइल (सेन्सरनं टिपलेली, प्रक्रिया न केलेली फाइल) उघडून आयड्रॉपर, म्हणजे टेकवू ती जागा न्यूट्रल (बिनरंगी करडी) करणारं साधन, चंद्रावरच टेकवला, तर तो रंग खरा म्हणायचा का? ग्रहणाच्या फोटोतला तांबूस रंग कुठे उडून जातो? आणि कॉम्प्युटरवर बरा दिसणारा चंद्र मोबाइलवर पिवळा का दिसतो?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. कॅमेरा रॉवर ठेवा, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपास, पक्का करून टाका, चंद्र चांगला वर चढला की फोटो काढा, आणि आयड्रॉपर चंद्राला लावू नका. एवढं केलंत तर बहुतेक वेळा चंद्र किंचित तपकिरी झाक असलेला करडा येईल, आणि तो रंग बरोबर आहे. तो बरोबर का आहे हे कळलं की ग्रहण, दिवसा दिसणारा चंद्र, क्षितिजावरचा केशरी चंद्र या सगळ्यांत काय करायचं ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

व्हाइट बॅलन्स लावताना आपण सॉफ्टवेअरला एकच गोष्ट सांगत असतो: या प्रकाशात पांढरा कागद धरला, तर तो पांढरा दिसला पाहिजे. म्हणजे ठरवायचा असतो तो प्रकाश, वस्तू नव्हे. चंद्रावर प्रकाश कुणाचा आहे? थेट सूर्याचा. आपल्याकडे मध्यरात्र असली, तरी चंद्राच्या उजळ भागावर दिवसच असतो. त्यामुळे चंद्राच्या बाबतीत निम्मं कोडं आधीच सुटलेलं आहे, प्रकाश कोणता याचा अंदाज बांधावा लागत नाही. चूक होते ती चंद्रालाच पांढरा कागद समजण्यात.

चंद्र पांढरा नाही. त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सरासरी जेमतेम १२ टक्के प्रकाश तो परत पाठवतो, म्हणजे साधारण जुन्या डांबरी रस्त्याइतका. पृथ्वी सुमारे ३० टक्के परत पाठवते. हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर डिस्कव्हर या यानाच्या एपिक कॅमेऱ्यानं जुलै २०१५मध्ये टिपलेलं दृश्य जरूर बघा. सुमारे १५ लाख किलोमीटरवरून घेतलेल्या त्या फोटोंत चंद्र पृथ्वीसमोरून सरकताना दिसतो. दोघांवर तोच सूर्यप्रकाश, एकच एक्स्पोजर, आणि ढगांच्या पांढऱ्या पट्ट्यांसमोर चंद्र अगदी काळपट, भुरकट दगडासारखा उभा आहे. त्याच फोटोत चंद्राच्या उजव्या कडेला एक बारीक हिरवी रेघ दिसते. तो चंद्राचा रंग नाही. एपिक लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे फोटो एकामागून एक घेतो, आणि तेवढ्या वेळात चंद्र सरकलेला असतो. चंद्राच्या फोटोतला रंग किती ठिकाणांहून येऊ शकतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

चंद्र नुसता काळपट नाही, तर थोडा तांबूसही आहे. त्याची माती निळ्यापेक्षा लाल प्रकाश जरा जास्त परतवते. खगोलशास्त्रात वस्तूचा रंग बी उणे व्ही या आकड्यानं मोजतात. आकडा जितका मोठा, तितकी वस्तू तांबूस. सूर्याचा आकडा ०.६५च्या आसपास, तर चंद्राचा ०.९२च्या आसपास आहे. म्हणूनच चांदण्याचं रंगतापमान उन्हापेक्षा कमी, साधारण ४१०० केल्विन भरतं.

हा ४१००चा आकडा बऱ्याच जणांना कुठेतरी वाचायला मिळतो आणि ते कॅमेऱ्यात ४१०० टाकून मोकळे होतात. तिथेच घोटाळा होतो. ४१०० लावणं म्हणजे कॅमेऱ्याला सांगणं, की चंद्रावरून येणारा प्रकाश हाच पांढरा समज. कॅमेरा ते इमानानं करतो आणि चंद्राची सगळी तपकिरी झाक पुसून टाकतो. हाती येतो तो स्वच्छ करडा चंद्र. ज्यांना तो आवडतो त्यांनी तसा ठेवावा, पण त्याला अचूक रंग म्हणू नये. ५२०० ठेवलं तर पांढरं ठरतं ते ऊन, आणि उन्हाच्या तुलनेत चंद्राच्या मातीचा जो काही रंग आहे तो शिल्लक राहतो. ५२०० आणि ५५०० यांतला फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो, त्यावरून वाद घालण्यात वेळ दवडू नका. ४१०० आणि ५२०० यांतला फरक मात्र सरळ दिसतो.

स्लायडरच्या दिशेबद्दलही नवख्यांचा गोंधळ होतो. जास्त केल्विनचा प्रकाश निळसर असतो, पण सॉफ्टवेअरमध्ये केल्विन वाढवले की फोटो पिवळट होतो, कारण सॉफ्टवेअर त्या निळसरपणाची भरपाई करत असतं. हे एकदा डोक्यात बसलं की आकडे उलटे वाटत नाहीत.

मग आपल्याला चंद्र पांढराशुभ्र का दिसतो? काळ्या आकाशात त्याच्याहून उजळ काही नसतं, आणि डोळा आपल्यासमोरच्या सगळ्यात उजळ गोष्टीला पांढरं धरतो. अपोलो ८ डिसेंबर १९६८मध्ये चंद्राभोवती फिरलं तेव्हा त्यातले अंतराळवीर जिम लोव्हेल यांनी खाली दिसणाऱ्या जमिनीचं वर्णन मुळात करडी, रंग नसलेली, प्लास्टर ऑफ पॅरिससारखी असं केलं होतं. चंद्राचा रंग इतका फिका आहे, की शेजारी तुलनेला काही नसेल तर जवळून बघणाऱ्यालाही तो सहज जाणवत नाही. चांदण्यातला देखावा निळसर भासतो त्याचं कारण मात्र डोळ्यात आहे. अंधूक प्रकाशात आपली रंग ओळखणारी यंत्रणा मंदावते आणि उरलेली यंत्रणा निळ्या-हिरव्या बाजूला जास्त संवेदनशील असते. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. चांदणं स्वतः निळं नसतं. कॅमेऱ्याला ही अडचण नाही, म्हणून डेलाइटवर बराच वेळ एक्स्पोजर देऊन काढलेला चांदण्यातला देखावा जवळजवळ दुपारसारखा, किंबहुना जरा उबदार दिसतो.

ऑटो व्हाइट बॅलन्सबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तो फ्रेममधल्या रंगांची गोळाबेरीज करून प्रकाशाचा अंदाज घेतो, आणि इथे फ्रेममध्ये काळं आकाश व एक छोटा उजळ गोळा यापलीकडे काही नसतं. झूम बदला, एखादा ढग येऊ द्या, लगेच अंदाज बदलतो. एकाच रात्रीत तीन रंग येण्याचं पहिलं कारण हेच. मोझेक (फोटो शेजारी शेजारी जोडणं), स्टॅकिंग (फोटो एकावर एक रचणं) किंवा टाइमलॅप्स करायचा असेल तर ऑटोचा विचारसुद्धा करू नका.

दुसरं कारण वातावरण, आणि इथे जरा थांबायला हवं. हवा निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त विखुरते. हे विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणजे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या चौपटीहून जास्त विखुरतो. चंद्र डोक्यावर असताना त्याचा प्रकाश हवेच्या जितक्या जाडीतून येतो तिला एक पट म्हणू. चंद्र क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर ही जाडी दुप्पट होते, १० अंशांवर साडेपाच पटींच्या वर जाते, आणि क्षितिजावर ३८ पटींच्या आसपास. धूळ आणि धुरकं असेल तर परिणाम आणखी वाढतो. म्हणजे तुम्ही संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला काढलेले फोटो एकाच सेटिंगवर असूनही वेगळे दिसणारच, आणि दोन्ही खरे असतील.

म्हणून फोटो काढायच्या आधी स्वतःला विचारा, की तुम्हाला नेमका कुठला रंग हवा आहे. चंद्राच्या मातीचा, की आज इथून जसा चंद्र दिसला तो? दोन्ही प्रामाणिक आहेत, फक्त एकमेकांत मिसळू नका. उगवता केशरी चंद्र हवा असेल तर डेलाइट लावा आणि केशरी रंगाला हात लावू नका. तो रंग हवेनं दिलेला आहे आणि त्या क्षणी तो खरोखर तिथे होता. उगवता चंद्र न्यूट्रल करून पांढरा करणारे फोटो बघितले की मला वाईट वाटतं. समोरचं आकाश आणि जमीन त्या दुरुस्तीत विनाकारण निळी पडते, आणि ज्या गोष्टीसाठी आपण क्षितिजाकडे कॅमेरा धरला तीच गोष्ट निघून जाते.

मातीचा रंग हवा असेल तर चंद्र ४५ अंशांच्या वर जाण्याची वाट बघा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य खालून जातो तेव्हा पौर्णिमेचा चंद्र उंचावरून जातो. हे काम हिवाळ्यात करण्यात शहाणपण आहे.

याहून काटेकोर व्हायचं असेल तर एक साधी युक्ती आहे, जी मला सगळ्यात जास्त पटते. चंद्राचा फोटो समजा ५० अंशांवर असताना काढणार आहात. मग त्याच दिवसांत, आकाश स्वच्छ असताना, सूर्य ५० अंशांवर येईल तेव्हा एक चांगलं ग्रे कार्ड (कुठलीही रंगाची झाक नसलेलं करडं कार्ड) उन्हात धरा. आजूबाजूच्या रंगीत भिंती किंवा कपड्यांचा प्रकाश त्यावर पडू देऊ नका, आणि ज्या लेन्सनं किंवा दुर्बिणीनं चंद्र टिपणार आहात तिच्यातूनच त्या कार्डाचा फोटो घ्या. कार्ड फोकसमध्ये नसलं तरी चालतं. दुर्बीण सूर्याच्या दिशेला चुकूनही वळणार नाही, ही काळजी मात्र घ्यायलाच हवी. सूर्याला पाठ करूनच काम करा. या फोटोवरून कस्टम व्हाइट बॅलन्स सेट करा. आता तुमच्या काचेची झाक, सेन्सरचा स्वभाव आणि हवेचा तेवढाच थर, सगळं एकदम वजा होतं. उरतो तो फक्त उन्हाच्या तुलनेत चंद्राच्या मातीचा रंग. एक छोटी उणीव राहते: कार्डावर उन्हासोबत निळ्या आकाशाचा प्रकाशही पडतो. ती कमी करायची असेल तर कार्डाभोवती काळ्या कागदाची नळी धरा, म्हणजे त्यावर बहुतांशी थेट ऊनच पडेल.

रात्रीच्या रात्री हेच करायचं असेल तर सूर्यासारखा तारा शोधा. सूर्य जी२व्ही या वर्गात मोडतो. त्याच वर्गातला तारा चंद्राइतक्याच उंचीवर असताना टिपायचा आणि तो पांढरा येईल असा बॅलन्स ठरवायचा. खगोल छायाचित्रणात ही पद्धत रुळलेली आहे. ताऱ्याचा फोटो थोडा आउट ऑफ फोकस घ्या, म्हणजे प्रकाश बऱ्याच पिक्सेलांवर पसरतो आणि मोजणी विश्वासार्ह होते.

कुणी सुचवतात, की चांदण्यात ग्रे कार्ड धरून मोजावं. त्यातून मिळणारं उत्तर ४१००च्या आसपासचंच असतं, म्हणजे पुन्हा चंद्राचा रंग पुसला जातो. चांदण्यातल्या देखाव्यासाठी ते ठीक आहे, खुद्द चंद्रासाठी नाही.

आता एक्स्पोजर. व्हाइट बॅलन्सच्या प्रश्नात एक्स्पोजर कशाला, असं वाटेल, पण रंग बिघडायचं एक मोठं कारण इथेच आहे. सेन्सर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळा मोजतो, त्या प्रत्येकाला चॅनल म्हणतात. हिरवं चॅनल डेलाइटमध्ये सहसा आधी भरतं, म्हणजे मोजण्याची मर्यादा गाठतं. लाल आणि निळं चॅनल नंतर गुणून हिरव्याच्या बरोबरीला आणलं जातं, बऱ्याच कॅमेऱ्यांत लाल साधारण दुप्पट आणि निळं दीडपट. हिरवं चॅनल एकदा भरून वाहिलं, की त्या जागचं रंगांचं प्रमाणच हरवतं. मग टायको विवराचे उजळ किरण किंवा ॲरिस्टार्कस विवर जांभळट तरी दिसतं, नाहीतर सॉफ्टवेअर त्याला सरळ पांढरं करून टाकतं. नंतर केल्विनचा स्लायडर कितीही हलवला तरी तो रंग परत येत नाही. पौर्णिमेसाठी जुना नियम आहे: एफ/११ ॲपर्चर आणि शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. इथून सुरुवात करा आणि लाल-हिरवा-निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम (अंधाऱ्या ते उजळ पिक्सेलांचा आलेख) बघून ठरवा. एकत्रित पांढऱ्या हिस्टोग्रामवर विसंबू नका, तो एकट्या भरलेल्या चॅनलला लपवतो. अर्धचंद्राला मात्र दोन-सव्वादोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त द्यावे लागतात. पौर्णिमेला चंद्र एकूण प्रकाशात अर्धचंद्राच्या दुप्पट नाही, तर दहापटीच्या आसपास असतो, कारण तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरच्या सावल्या आपल्या बाजूनं लपलेल्या असतात.

जेपेगवर व्हाइट बॅलन्स नंतर बदलणं म्हणजे टोन कर्व्ह (सावल्या आणि उजळ भागांचं प्रमाण बदलणारी वक्ररेषा) लावून झाल्यावर गुणाकार करणं. मधले टोन जुळतात, सावल्या आणि उजळ भाग जुळत नाहीत. रॉचा आग्रह एवढ्यासाठी. कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइलही न्यूट्रल किंवा फेथफुल ठेवा. लँडस्केप किंवा व्हिव्हिड चंद्राला नको तितका पिवळा करतात. टिंटचा हिरवा-मॅजेंटा स्लायडर डेलाइट प्रीसेटवर असतो तिथेच राहू द्या. चंद्र हिरवा किंवा मॅजेंटा नसतो, तसा दिसला तर दोष फिल्टरचा किंवा प्रोफाइलचा आहे.

एक बाब फार कमी लोक लक्षात घेतात, आणि दिवसाच्या चंद्राच्या बाबतीत तीच निर्णायक ठरते. व्हाइट बॅलन्स गुणाकारानं चालतो, पण आकाशाचा प्रकाश चंद्राच्या प्रकाशात बेरजेनं मिसळतो. निळं आकाश चंद्राच्या मागे नसतं, ते आपल्या आणि चंद्राच्या मध्ये असतं. म्हणूनच दिवसा चंद्राचा अंधारा भाग काळा न दिसता आकाशाच्याच रंगाचा दिसतो, आणि उजळ भागावरही तेवढाच निळा प्रकाश चढलेला असतो. बेरजेनं आलेली झाक गुणाकारानं जात नाही. केल्विन वाढवून चंद्र सावरला, तर डाग निळे राहतात आणि उजळ भाग पिवळे होतात.

आकडे घालून बघू. समजा, डेलाइट बॅलन्स लावलेल्या लिनियर फाइलमध्ये (जिच्यातले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असतात) चंद्राच्या एका उजळ भागाची मूल्यं लाल १५५०, हिरवं १७५० आणि निळं २००० अशी आहेत. फोटोत तो भाग निळसर दिसतो. आता चंद्राच्या अगदी शेजारचं आकाश मोजलं, तर तिथे लाल ४००, हिरवं ७०० आणि निळं ११०० मिळालं. वजाबाकी करा: लाल ११५०, हिरवं १०५०, निळं ९००. जे निळं सगळ्यात वर होतं ते सगळ्यात खाली गेलं, आणि चंद्र आपल्या भुरकट तपकिरी रंगावर आला. केल्विनच्या स्लायडरला हातही लावावा लागला नाही. ही वजाबाकी लिनियर डेटावरच करायची. सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेल मॅथनं ती होते, किंवा फोटोशॉपमध्ये ३२ बिट मोडमध्ये. आकाशाचा रंग फ्रेमभर सारखा नसेल तर चंद्राच्या दोन्ही बाजूंना मोजून सरासरी घ्या.

शहराच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशालाही हाच न्याय. पौर्णिमेच्या चंद्रापुढे तो उजेड नगण्य असतो, पण बारीक कोर, पृथ्वीप्रकाशात दिसणारा चंद्राचा अंधारा भाग आणि ग्रहण यांत तीच झाक रंग ठरवायला लागते. आधी वजाबाकी, मग बॅलन्स. हा क्रम उलटला की दोन्ही बिघडतात. पृथ्वीप्रकाश मात्र थेट सूर्यप्रकाशापेक्षा निळसर असतो, कारण तो आपल्या वातावरणाला आणि समुद्रांना लागून परतलेला प्रकाश आहे. त्यामुळे वजाबाकीनंतरही कोरीच्या शेजारचा अंधारा भाग जरा थंड दिसला तर तो तसाच ठेवा.

आता आयड्रॉपरची योग्य जागा. चंद्रावरचे खनिजांचे फरक उघड करून दाखवायचे असतील, तेव्हा चंद्राच्या सरासरी रंगाला न्यूट्रल करणं उपयोगी पडतं. सगळीकडे सारखी असलेली तपकिरी झाक काढून टाकली की उरतात ते फक्त एका जागेचे दुसऱ्या जागेशी असलेले फरक, आणि मग सॅच्युरेशन वाढवून ते बघता येतात. मारे ट्रँक्विलिटॅटिस आणि मारे सेरेनिटॅटिस हे दोन शेजारी सागर, म्हणजे लाव्हाची काळपट मैदानं, घ्या. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच काळपट वाटतात. न्यूट्रल केलेल्या फोटोत सॅच्युरेशन थोडं थोडं, पाच-सहा पायऱ्यांत वाढवत न्या. दोघांच्या मधली सीमा उमटू लागते: ट्रँक्विलिटॅटिस निळसर पोलादी, सेरेनिटॅटिसचा मधला भाग तपकिरी. निळसर बाजूच्या लाव्हात टायटॅनियम जास्त आहे, इल्मेनाइट या खनिजाच्या रूपात. १९६९मध्ये अपोलो ११ ट्रँक्विलिटॅटिसवरच उतरलं आणि तिथून आणलेल्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियमचं प्रमाण खरोखर जास्त निघालं. ॲरिस्टार्कसच्या शेजारचं पठार मोहरीसारखं पिवळट तपकिरी येतं, तिथे ज्वालामुखीतून उडालेला बारीक थर पसरलेला आहे. हे रंग खोटे नाहीत, वाढवलेले आहेत. फोटो दाखवताना तेवढं सांगितलं की झालं. एकदम जोरात सॅच्युरेशन ओढलं तर नॉइज आणि जेपेगचे चौकोन रंगीत होऊन बसतात, म्हणून बऱ्याच फ्रेम स्टॅक करूनच हे करा.

चंद्राच्या वरच्या कडेला निळी आणि खालच्या कडेला लाल रेघ दिसत असेल तर तो व्हाइट बॅलन्सचा प्रश्नच नाही. वातावरण निळा प्रकाश लालपेक्षा जास्त वाकवतं, त्यामुळे निळी प्रतिमा किंचित वर सरकते. चंद्र खाली असताना हे जास्त दिसतं. तीन चॅनल वेगळे करून एकमेकांवर नीट बसवले की रेघा जातात. रेजिस्टॅक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे. कडेला सगळीकडे सारखी जांभळी झालर असेल तर ती लेन्सची.

खग्रास चंद्रग्रहणात चंद्रापर्यंत पोचणारा प्रकाश पृथ्वीच्या वातावरणातून गाळून, वाकून आलेला असतो, म्हणून तो तांबूस. तरीही पांढरं म्हणून धरायचं ते ऊनच, म्हणजे डेलाइट. ऑटो ठेवलात तर कॅमेऱ्याला वाटतं, की हा पिवळ्या बल्बचा प्रकाश आहे, आणि तो लाल रंग काढून गुलाबी-करडा चंद्र देतो. तुमचा तांबूस रंग गेला तो असा. पण ग्रहणात बॅलन्सपेक्षाही एक्स्पोजर रंग बदलतं. इथे हिरव्याऐवजी लाल चॅनल कितीतरी आधी भरतं. ते भरलं, की हिरवं वाढत राहतं आणि तांब्याचा रंग केशरी, मग पिवळट होतो. लाल चॅनलचा हिस्टोग्राम उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. खग्रास स्थितीतला चंद्र पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा हजारो पटींनी, कधी लाखाहून जास्त पटींनी अंधूक असतो, त्यामुळे एकाच सेटिंगवर विसंबता येत नाही. ब्रॅकेटिंग करा, म्हणजे एकामागून एक वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घ्या.

प्रत्येक ग्रहणाचा रंग सारखा नसतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजों यांची ० ते ४ अशी श्रेणी त्यासाठीच आहे. ० म्हणजे जवळजवळ अदृश्य काळपट, ४ म्हणजे उजळ तांबूस-केशरी. पिनातुबो ज्वालामुखीचा १९९१मध्ये स्फोट झाला, त्यानंतर डिसेंबर १९९२चं ग्रहण फार काळोखं होतं. तेव्हा मागच्या ग्रहणाचा फोटो समोर ठेवून या ग्रहणाचा रंग जुळवू नका. सावलीच्या काठावर एक फिकट फिरोजी पट्टा असतो, तो ओझोनमुळे. तिथला प्रकाश वातावरणाच्या वरच्या थरांतून येतो आणि ओझोन त्यातला केशरी-लाल भाग शोषून घेतो. खग्रास सुरू होण्याच्या जरा आधी किंवा संपल्यावर लगेच, काठाच्या उजेडाला धरून एक्स्पोजर द्या. डेलाइटवर तो पट्टा आपोआप येतो, त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये काही घालावं लागत नाही.

हवेमुळे चंद्र खरोखर निळाही दिसू शकतो. सप्टेंबर १९५०मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर अटलांटिक ओलांडून गेला तेव्हा स्कॉटलंडमध्ये निळा सूर्य आणि निळा चंद्र दिसला होता. धुराचे कण जवळपास एकाच आकाराचे आणि प्रकाशाच्या तरंगलांबीहून किंचित मोठे असले, की ते लाल प्रकाश जास्त अडवतात. असं काही कधी समोर आलं आणि कॅमेरा डेलाइटवर पक्का असेल, तरच त्याची नोंद भरवशाची राहील.

साधनांचं थोडक्यात. शहरी उजेड कापणारे फिल्टर चंद्रासाठी काढून ठेवा, ते मधलेच रंग गाळतात आणि कुठलाही बॅलन्स त्यांची पूर्ण भरपाई करत नाही. स्वस्त मून फिल्टर बरेचदा हिरवट असतात. सेन्सरपुढचा इन्फ्रारेड फिल्टर काढलेला कॅमेरा असेल तर पुढे यूव्ही-आयआर कट फिल्टर लावाच, नाहीतर सगळंच लालसर येतं. ग्रहांसाठीच्या छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत डेलाइटचा प्रीसेट नसतो, लाल आणि निळ्याचे दोन स्लायडर असतात. ते दोन्ही ५०वर ठेवले म्हणजे डेलाइट झालं असं नाही. व्हिडिओ रॉ ठेवा आणि ग्रे कार्डावरून किंवा जी२व्ही ताऱ्यावरून काढलेली गुणोत्तरं नंतर लावा. मोबाइलवर प्रो मोड, डीएनजी (रॉ फाइलचा एक प्रकार) आणि ५२०० ते ५५०० केल्विन. आपोआप चंद्र ओळखणारे मोड रंग आणि तपशील दोन्ही स्वतःच्या मनानं घडवू शकतात, अचूकतेच्या कामाला ते घेऊ नका.

राहिला मोबाइलवरचा पिवळेपणा. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळी करणारा मोड चालू आहे का, ते सगळ्यात आधी बघा. आसपासच्या उजेडानुसार रंग बदलणारी सोय असेल तर तीही बंद करा. एडिटिंगचा मॉनिटर ६५०० केल्विनच्या पांढऱ्यावर कॅलिब्रेट केलेला हवा, आणि सॉफ्टवेअरमध्ये फोटोमागची पार्श्वभूमी गडद न ठेवता मध्यम करडी ठेवा, म्हणजे फिक्या झाका डोळ्याला कळतात. फाइल एक्स्पोर्ट करताना रंगप्रोफाइल एसआरजीबी निवडून ते फाइलमध्ये जोडा. मोठ्या कलर स्पेसमधली फाइल प्रोफाइलशिवाय गेली की रंग सहसा मरगळतात, आणि एसआरजीबी फाइल रंग न जुळवणाऱ्या रुंद गॅमटच्या (जास्त गडद रंग दाखवू शकणाऱ्या) स्क्रीनवर गेली की चंद्र भडक तपकिरी दिसतो. हे सगळं तपासूनही दोन स्क्रीनवर फरक राहिला, तर त्याच फाइलच्या कोपऱ्यात एक शुद्ध करडा चौकोन ठेवा, ज्यात तिन्ही चॅनलची मूल्यं समान आहेत. तो चौकोन ज्या स्क्रीनवर पिवळा दिसेल तिथे दोष स्क्रीनचा आहे, फाइलला हात लावू नका.